उकिरड्याचे पांग कधी फिटणार?

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला आहे. ही म्हण ज्या उकिरड्यावरून आली, तो गावचा उकिरडा होता. गोठ्यातले शेण, चुलीतली राख, भाजीची देठे, खळ्यावरचा काडीकचरा हे सारे त्यात पडे आणि मृगाच्या आधी गाड्या भरभरून शेतात जाई. खानदेशच्या काळ्या जमिनीने पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी आणि कपाशी पिकविली, त्यात या उकिरड्याचा वाटा मोठा होता. जे मातीतून आले ते मातीत परत गेले पाहिजे, हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. पण तो पाळला जात होता.

शहरांनी हा उकिरडा हद्दीबाहेर नेला आणि त्याला 'कचरा डेपो' असे नाव दिले. जळगाव आणि धुळे या खानदेशातील दोन्ही प्रमुख शहरांत २००३ साली महानगरपालिका आली. त्याला आता दोन तपे होत आली. या काळात शहरे चहूअंगांनी वाढली. नगरपालिका असतानाच सतरा मजली इमारत उभारून दाखविणाऱ्या जळगावला कर्तृत्वाची वाण नाही. पांझरेकाठच्या धुळ्याला तर राजवाडे संशोधन मंडळापासून समर्थ वाग्देवता मंदिरापर्यंत विद्याव्यासंगाची मोठी परंपरा आहे. तरीही जळगावचे आव्हाणे शिवार आणि धुळ्याचे वरखेडी ही नावे शहरवासीयांना ठाऊक झाली ती कचऱ्यामुळे. आव्हाणे शिवारात खासगी सहभागातून उभा राहिलेला कचरा प्रक्रिया प्रकल्प काही वर्षांतच बंद पडला आणि त्याच्या आवारात कचऱ्याचे डोंगर साचले. वरखेडीचा डेपो आगी आणि धूर यांमुळे वारंवार चर्चेत आला. उकिरड्याचे पांग दोन तपांतही फिटले नाहीत, ते का, याचा विचार खानदेशातील सुजाण नागरिकांनी आता केला पाहिजे.

दिसतो तो धूर, दिसत नाही तो वायू

कचऱ्याचा प्रश्न म्हटला की दुर्गंधी, डास, भटकी कुत्री आणि धूर एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. त्या खऱ्याच आहेत. परंतु या ढिगातून आणखी एक गोष्ट रात्रंदिवस बाहेर पडत असते. तिला रंग नाही, वास नाही. तिचे नाव मिथेन.

ओला कचरा उघड्यावर, हवा खेळती असताना कुजला, तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वनस्पतीने वाढताना हवेतून घेतलेलाच तो वायू असल्यामुळे तो हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. मात्र तोच भाजीपाला, तेच उष्टे अन्न प्लॅस्टिक आणि मातीच्या थरांखाली दडपले गेले, की तेथे हवा पोहोचत नाही. मग हवेवाचून जगणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात आणि मिथेन निर्माण होऊ लागतो. अशा ढिगातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा भाग मिथेनचाच असतो. हा वायू ज्वलनशील आहे. वैशाखात खानदेशातला पारा पंचेचाळिशीकडे झेपावतो, तेव्हा अशा ढिगाला एक ठिणगी पुरते. वरून विझलेली आग आतून धुमसत राहते, त्याचेही हेच कारण.

मिथेनचा दुसरा गुण अधिक गंभीर आहे. हवामानबदलासंबंधीच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ सालच्या अहवालानुसार, शंभर वर्षांच्या हिशेबात कुजण्यातून निघणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर हे प्रमाण सुमारे ८० पटींवर जाते. मानवी व्यवहारातून जगभर जो मिथेन बाहेर पडतो, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाणी यांतून येतो.

आता या चित्राची दुसरी बाजू. कार्बन डायऑक्साइड वातावरणात शतकानुशतके टिकतो; मिथेनचे आयुष्य मात्र सुमारे बारा वर्षांचे. म्हणजे बरोबर एका तपाचे. आज मिथेन थांबविला तर त्याचे फळ नातवंडांपर्यंत न थांबता याच पिढीला मिळू शकते. उकिरड्याच्या म्हणीतील बारा वर्षे आणि या वायूची बारा वर्षे यांचा मेळ हा केवळ योगायोग आहे. पण त्यातून घ्यायचा बोध खरा आहे.

मुंबईने दिलेला इशारा

हे सारे दूरच्या देशांतील शास्त्रज्ञांचे गणित आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने मुंबईच्या देवनारकडे पाहावे. १९२७ पासून कचरा झेलणाऱ्या या मैदानाला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग इतकी मोठी होती, की तिचा धूर अमेरिकेच्या 'नासा'च्या उपग्रहचित्रांतही दिसला. दिल्ली, मुंबई, लाहोर आणि ब्युनोस आयर्स या चार शहरांतील मिथेनचा उपग्रहांद्वारे घेतलेला मागोवा २०२२ साली प्रसिद्ध झाला. कागदोपत्री धरलेल्या अंदाजांपेक्षा या शहरांतून प्रत्यक्षात १.४ ते २.६ पट अधिक मिथेन बाहेर पडत असल्याचे त्यात आढळले आणि मुंबईच्या बाबतीत एकट्या कचराभूमीचा वाटा सुमारे पाव होता.

जळगाव आणि धुळे ही मुंबईच्या मानाने लहान शहरे. पण लहान असणे हेच त्यांचे भाग्य आहे. देवनार होऊन गेल्यावर उपाय शोधणे फार महाग पडते; देवनार होऊ न देणे तुलनेने स्वस्त आहे.

शेतकऱ्याची गाय आणि शहराचा ढीग

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. पृथ्वी तापविली ती श्रीमंत देशांनी. मग खानदेशातील एखाद्या शहराने आपल्या केरकचऱ्याची चिंता का वाहावी? आक्षेपात तथ्य आहे. २०२१ साली ग्लासगो येथे शंभराहून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेनचे उत्सर्जन २०२० च्या तुलनेत तीस टक्क्यांनी घटविण्याची प्रतिज्ञा केली, तेव्हा भारताने तीवर स्वाक्षरी केली नाही. भारतातील मिथेनचा मोठा भाग गुराढोरांच्या पोटातून आणि भाताच्या खाचरांतून येतो. ती लहान शेतकऱ्याची उपजीविका आहे, चैन नव्हे. ऐतखाऊ राष्ट्रांनी आपला भार या शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकावा, हे भारताने मान्य केले नाही आणि ते योग्यच होते.

परंतु हा युक्तिवाद जितका खरा, तितकाच तो शहरांवर नवी जबाबदारी टाकणारा आहे. शेतकऱ्याची गाय मिथेन सोडते, ती दूध देते, शेण देते. शहराचा ढीग मिथेन सोडतो तो कोणाच्या पोटासाठी? त्यातून कोणाची चूल पेटत नाही, कोणाचे शेत पिकत नाही. तो केवळ बेशिस्तीचा धूर आहे. शेतकऱ्याच्या दावणीकडे बोट दाखविणाऱ्या जगाला ठामपणे उत्तर द्यायचे असेल, तर ज्या मिथेनचे समर्थन करता येत नाही तो आधी थांबविला पाहिजे.

शिवाय यात देशाचा रोख लाभ आहे. भारत आपल्या गरजेचा सुमारे निम्मा नैसर्गिक वायू परदेशांतून विकत घेतो. मिथेन म्हणजे तोच वायू. एकीकडे परकीय चलन मोजून तो जहाजांनी आणायचा आणि दुसरीकडे गावाबाहेरच्या ढिगातून तोच आकाशात सोडून द्यायचा, याला कोणते अर्थशास्त्र म्हणावे?

महामार्गावरचा शेजारी

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे सोडून उत्तरेकडे निघाले, की शिरपूर आणि सेंधवा मागे टाकून काही तासांत इंदूर येते. होळकरांच्या या शहराचे खानदेशाशी नाते जुने. मराठी कुटुंबेही तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. या इंदुरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते एका प्रकल्पाचे उद्घाटन झाले. रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यातून सुमारे १७ हजार किलो जैव-सीएनजी आणि १०० टन सेंद्रिय खत निर्माण करण्याची त्याची योजना. शहराच्या बसगाड्या या वायूवर चालविण्याचे त्यात योजिले होते.

खानदेशासाठी या आकड्यांचा अर्थ काय? २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार आणि धुळ्याची ३ लाख ७५ हजार. माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा धरला, तर दोन्ही शहरांचा मिळून सुमारे ३३४ टन होतो. त्यातील निम्मा ओला मानला, तर १६७ टन. इंदूरचेच प्रमाण लावले, तर त्यातून रोज पाच हजार किलोंच्या आसपास वायू मिळावा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्या वजनाने हे साडेतीनशे सिलिंडर झाले. हा कागदावरचा हिशेब आहे. लहान शहरात प्रत्यक्ष उत्पादन कमी येईल, हेही उघड आहे. पण त्याचे अर्धे जरी पदरात पडले, तरी आज कचरा म्हणून ज्याचा तिरस्कार होतो, त्याचे मोल काय आहे ते कळून येते.

या कल्पनेत परदेशी असे काहीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून वायू तयार करण्यात येत होता. जशभाई पटेल यांनी सिद्ध केलेल्या 'ग्रामलक्ष्मी' गोबरगॅस संयंत्राला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने खेड्यापाड्यांत पोहोचविले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने खरकटे आणि अन्नाचे अवशेष यांवर चालणारे घरगुती संयंत्र तयार केले आणि २००६ साली त्याला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र विकसित केले. माथेरानसारख्या डोंगरावरील गावात ते उभे राहिले. आणि जळगावच्याच जैन उद्योगसमूहाने फळप्रक्रियेतील टाकाऊ भागापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज निर्माण करून दाखविली. ज्ञान दाराशी आहे. ते शोधायला सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही.

यंत्रे का गंजतात?

मग असे प्रकल्प बंद का पडतात? आव्हाण्यासारखा अनुभव महाराष्ट्रातील अनेक शहरांनी घेतला आहे. उद्घाटनाची फीत कापली जाते, यंत्रे येतात, काही काळ फिरतात आणि मग गंजू लागतात. दोष बहुधा यंत्राच्या माथी मारला जातो. वास्तविक यंत्राला जे खाद्य द्यायला हवे, तेच दिले जात नाही. भाजीच्या देठांबरोबर पिशव्या, काचा, डायपर, तुटक्या चपला आणि बांधकामाची खडी आली, तर कोणतेही संयंत्र गुदमरणारच. अशा मिश्रणातून निघालेले खत शेतकरी घेत नाही, वायू पुरेसा निघत नाही आणि ठेकेदार हात वर करतो.

यात कंत्राटाच्या रचनेचाही दोष आहे. कचरा वाहून नेण्याचे पैसे जेथे वजनावर ठरतात, तेथे कचरा जितका ओला, जितका एकत्र, तितका तो जड आणि तितके देयक मोठे. वेगळा कचरा म्हणजे कमी वजन, कमी कमाई. मग घरोघरी वेगळा ठेवलेला कचराही घंटागाडीत पुन्हा एक होतो. एकदा तसे होताना पाहिलेली गृहिणी दुसऱ्या दिवसापासून दोन डबे का ठेवील? नागरिकाला शिस्त शिकविणाऱ्या पालिकेने आधी आपल्या गाडीला शिस्त लावली पाहिजे आणि पैसे वाहतुकीच्या वजनावर न देता प्रक्रिया झालेल्या कचऱ्यावर दिले पाहिजेत.

जुने ढीग उपसून, चाळून जमीन मोकळी करण्यासाठी १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात निधीची तरतूद झाली. हे काम आवश्यक आहे. पण एका बाजूने जुना ढीग उपसायचा आणि दुसऱ्या बाजूने रोजचा मिश्र कचरा तेथेच ओतायचा, हा फुटक्या रांजणात पाणी भरण्याचा प्रकार आहे. उष्ण हवेत ओला कचरा वेगाने कुजतो. म्हणून मिथेनच्या दृष्टीने पंधरा वर्षांपूर्वीच्या ढिगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा आहे तो आजचा कचरा.

कायदाही काही कमी नाही. अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेच्या पाठोपाठ २००० साली शहरी घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नियमांनी घरातच वर्गीकरण करणे बंधनकारक केले आणि रोज १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या हॉटेले, मंगल कार्यालये यांसारख्या आस्थापनांवर अधिक जबाबदारी टाकली. २०२६ च्या नव्या नियमांनी ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा अशा चार भागांत कचरा वेगळा करण्यास सांगितले आहे. पाव शतकात नियमांची तीन पुस्तके झाली. दोन डब्यांची सवय मात्र अजून सर्व घरांत रुजायची आहे.

ती रुजू शकते. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगरपरिषदेने मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा घराघरांतून वेगळा घेण्याचा आग्रह धरला, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस केला आणि जेथे कचरा टाकला जाई, ती जागा लोकांनी पाहायला यावी अशी केली. गोव्यात साळगाव येथे २०१६ साली सुरू झालेल्या प्रकल्पात कचऱ्यापासून वायू आणि त्यापासून वीज निर्माण होऊ लागली. वेंगुर्ल्यापाशी जळगावच्या दशांशही साधने नव्हती. तेथे होता तो आग्रह आणि सातत्य.

फडाची शिस्त

खानदेशाला सामूहिक शिस्त बाहेरून शिकण्याची गरज नाही. पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती ही जगाने अभ्यासावी अशी व्यवस्था आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, त्याखालची जमीन फडांत विभागलेली असते, एका फडात एकच पीक घ्यायचे असते आणि पाणी पाटकऱ्याच्या हातूनच मिळते. पाणी कमी पडले, तर ते सर्वांना सारखे कमी पडते. 'माझ्या एकट्याच्या वावराने काय बिघडते?' असे फडात कोणाला म्हणता येत नाही. एकाने बारे फोडले, तर सारा पाट कोरडा पडतो.

शहराचा कचरा हादेखील एक फडच आहे. दहा घरांनी वेगळा ठेवलेला ओला कचरा अकराव्या घरातील फुटलेल्या बाटलीने नासतो. म्हणून येथे एकेकट्याच्या सद्भावनेने भागणार नाही. गल्लीने, सोसायटीने, प्रभागाने मिळून नेम करावा लागेल. प्रत्येक प्रभागात पाटकऱ्याच्या निष्ठेने लक्ष ठेवणारी दोन-चार माणसे निघाली, तरी चित्र पालटू लागेल. भाजी बाजार, केळीच्या वखारी, मंगल कार्यालये, खाणावळी येथून आरंभ करावा. तेथे ओला कचरा पुष्कळ आणि जवळजवळ शुद्ध मिळतो. जेथे मोठे संयंत्र परवडत नाही, तेथे प्रभागनिहाय खतखड्डे चालतील. हवा खेळती ठेवून केलेले खत मिथेनला फारसा वाव देत नाही. या खतासाठी राज्य शासनाचे 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाममुद्रेचे छत्र २०१७ पासून आहे आणि केळी-कपाशीने थकलेल्या खानदेशच्या जमिनीला सेंद्रिय खताची भूक आहेच. शहराने गावाकडून भाजी-धान्य घ्यावे आणि खत म्हणून परत करावे, ही जुनीच देवघेव नव्याने सुरू करायची आहे.

केरसुणीची पूजा

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती न्यायाची. शहराचा धूर शहरात राहत नाही. तो आव्हाण्याच्या, वरखेडीच्या दिशेने जातो. कचरा ज्याने केला त्याच्या दारात तो नसतो. ज्याने केला नाही त्याच्या शेताच्या बांधाला तो असतो. आणि त्या ढिगात उतरून काचा-कागद वेचणारी माणसे, घंटागाडीवर उभे राहून मिश्र कचऱ्यात हात घालणारे सफाई कामगार हे याच समाजाचे घटक आहेत. पुण्यात कचरावेचक महिलांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी करून आपल्या श्रमांना प्रतिष्ठा मिळविली. समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावरून सांगणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या घरातील डब्याकडे एकदा पाहावे. तो वेगळा केलेला नसेल, तर तो वेगळा करण्याचे काम कोणाच्या तरी उघड्या हातांना करावे लागते, एवढे ध्यानी घ्यावे.

महाराष्ट्राच्या घराघरांत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केरसुणीची पूजा होते. हळदीकुंकू वाहून तिला लक्ष्मी मानले जाते. गाडगेबाबांनी तीच झाडणी हाती घेतली. ज्या गावी जात, तेथे आधी रस्ता झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. केर स्वतःच्या दारातून लोटून दुसऱ्याच्या दारात टाकणे हा केरसुणीचा अपमान आहे, हे त्यांनी न बोलता दाखवून दिले.

येत्या दिवाळीत खानदेशातील कुटुंबांनी पूजेच्या केरसुणीशेजारी दोन डबे ठेवावेत. एक ओल्याचा, एक सुक्याचा. सॅनिटरी पॅड, जुनी औषधे, बॅटऱ्या निराळ्या. खर्च फार नाही, कष्टही फार नाहीत. मात्र एवढ्यावर न थांबता, वेगळा दिलेला कचरा घंटागाडीत वेगळाच राहतो की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी दारात उभे राहावे, आणि राहत नसेल तर नगरसेवकाला व आयुक्तांना जाब विचारावा. मिथेन डेपोत दिसत असला, तरी तो जन्म घेतो स्वयंपाकघरातल्या डब्यात, ओले आणि सुके एकत्र होते त्या क्षणी. तेथेच तो थांबविता येतो. उकिरड्याचे पांग आपोआप फिटत नाहीत. गावचा उकिरडाही कोणीतरी गाडी जुंपून शेतात नेत असे, म्हणून तो फळाला येई. ती गाडी आता शहरांनी जुंपायची आहे.